खांद्यापासून बोटांपर्यंत

लहान मुलाची वाढ तपासायची म्हटले की आपल्याकडे वजन आणि उंची पाहिली जाते, आणि त्या दोन्ही बाबतींत माझ्या नातवाबद्दल कधीच तक्रार नव्हती. अंगणवाडीतल्या वाढ-आलेखावर त्याचा ठिपका महिनोन्महिने हिरव्या पट्ट्यातच पडत असे. चौथा वाढदिवस जवळ आला तेव्हा त्याची उंची 102 सेंटिमीटर आणि वजन 16 किलो होते, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांत त्या वयाच्या मुलाचे जे मधले माप दिले आहे, त्याच्या अगदी जवळ. तरीही त्याच अंगणवाडीच्या सेविकाताईंनी एके दिवशी आमच्या सूनबाईंना थांबवून सांगितले, की मुलगा हुशार आहे, गोष्टी सांगतो, गाणी म्हणतो, रंग ओळखतो, पण त्याच्या अंगाचे वळण मागे राहते आहे, तेव्हा एकदा दाखवून घ्या.

ताईंचे निरीक्षण मोघम नव्हते. पायऱ्या चढताना तो प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणतो आणि मगच पुढची चढतो. लंगडी घालायला सांगितली की उचललेला पाय तिथल्या तिथे टेकतो. सपाट फरशीवर, काही आडवे नसताना, अडखळतो. मांडी घालून बसवले तर थोड्याच वेळात पाठीला पोक येतो, मग हात मागे टेकतो, आणि शेवटी गुडघे पुढे व दोन्ही पावले कुल्ल्यांच्या बाहेर अशी बैठक धरतो. चड्डीचे बटण, बाटलीचे झाकण, मणी ओवणे या सगळ्याला "ताई, तुम्हीच करा" हे एकच उत्तर. हे सारे त्यांनी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानावर वेळोवेळी टिपून ठेवले होते. अत्यंत तुटपुंज्या मानधनावर, पोषण आहारापासून नोंदवह्यांपर्यंतची कामे सांभाळून, एका मुलाच्या बसण्याकडे इतके बारकाईने पाहणाऱ्या त्या बाईंचे ऋण आमच्या कुटुंबावर आहे आणि ते मी इथे आधी नोंदवतो.

घरात यावर जी चर्चा झाली ती बहुतेक घरांत होते तशीच झाली. मुलगे जरा उशिराच सुटे होतात, त्याचा बापही असाच होता, हाडापेराने जड आहे, एकुलता असल्याने सगळे हातात मिळते म्हणून आळस करतो. मला मात्र ताईंचे म्हणणे पटले, आणि त्याला माझ्या नोकरीचे कारण आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. दहावी झालेल्या मुलांच्या हातात कानस देऊन लोखंडाचा चौकोनी तुकडा काटकोनात आणायला शिकवणे हे माझे काम होते. ज्याची कानस हलते, ज्याचा पृष्ठभाग मध्ये उंच आणि कडेला उतरता राहतो, त्याच्या हाताकडे आम्ही आधी पाहत नाही. त्याची पावले कुठे आहेत ते पाहतो. व्हाइस, म्हणजे तुकडा घट्ट पकडून ठेवणारा टेबलावरचा शिकंजा, कोपराच्या उंचीला आहे का, डावा पाय पुढे आहे का, जोर खांद्यातून येतो आहे की नुसत्या मनगटातून, हे तपासतो. आळशी वाटणारी बरीच मुले केवळ चुकीच्या उंचीच्या व्हाइसवर उभी असतात, हे मी नोकरीत पुष्कळ वेळा पाहिले आहे. म्हणून नातवाला आळशी ठरवण्याआधी तो कसा उभा आहे आणि कसा बसला आहे ते जाणत्या माणसाने पाहावे, असा मी आग्रह धरला.

पुढची पायरी सोपी झाली, कारण त्यासाठी व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यातून, पालघर येथून सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीतल्या बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. पथकात एक पुरुष व एक महिला वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. जन्मजात व्यंगे, कमतरतेचे आजार, बालपणीचे रोग आणि विकासातला विलंब या चारही अंगांनी मूल पाहणे ही त्यांची जबाबदारी आहे. यातला चौथा भाग पालकांना फारसा माहीत नसतो. पथक आले म्हणजे जंताच्या गोळ्या आणि दात-डोळे, एवढीच समजूत असते. आमच्याकडे आलेल्या डॉक्टर बाईंनी ताईंची टिपणे वाचली, मुलाला अंगणात चालवले, पळवले, चेंडू टाकून पाहिला आणि जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी, म्हणजे विकासात मागे राहणाऱ्या मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या विभागासाठी, चिठ्ठी लिहून दिली. तिथली तपासणी आणि उपचार मोफत असतात. मुलगा आणि सून दोघेही नोकरीला असल्याने एसटीने त्याला घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आले आणि म्हणूनच हे सारे मला जवळून पाहायला मिळाले.

बालरोगतज्ज्ञांनी पहिल्या भेटीत जन्मापासूनचा इतिहास विचारला. पूर्ण दिवसांचा होता का, जन्मताच रडला का, कावीळ झाली होती का, मान कधी धरली, कधी बसला, कधी चालला. तो रांगलाच नव्हता. बसल्या बसल्या बूड घासत पुढे सरकत असे, आणि सतरा महिने होता होता चालू लागला. यावर डॉक्टरांनी सांगितले, की रांगण्याचा टप्पा गाळून पुढे जाणारी निरोगी मुलेही असतात आणि आधाराशिवाय चालण्याचा काळ साधारण 8 ते 17 महिने इतका लांबरुंद धरला जातो, त्यामुळे तो अगदी कडेवर होता, बाहेर नव्हता. प्रत्येक गोष्ट कडेवर, पण कोणतीच गोष्ट ठळकपणे मागे नाही, अशी मुले नजरेतून निसटतात, हे त्यांचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटले.

मग त्यांनी त्याला जमिनीवर उताणे झोपवले आणि "पटकन उभा राहा बरं" असे म्हटले. तो कुशीवर वळला, हात टेकले आणि उठला. हे त्यांनी पुन्हा करून घेतले, पोटऱ्या चाचपल्या आणि स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या सीपीके या घटकाची तपासणी लिहून दिली. मी कारण विचारल्यावर त्यांनी न घाबरवता, पण काही न लपवताही सांगितले. मुलग्यांमध्ये स्नायू हळूहळू क्षीण होत जाणारा ड्युशेन नावाचा एक आनुवंशिक आजार असतो. त्यात मूल जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर आणि मग मांड्यांवर हात रोवत, स्वतःच्याच अंगावर चढत असल्यासारखे उभे राहते. पोटऱ्या फुगीर दिसतात आणि सीपीके कितीतरी पटींनी वाढलेले सापडते. आमच्या मुलात तशी लक्षणे दिसत नव्हती, पण चार वर्षांचा मुलगा पायऱ्यांना अडखळतो तेव्हा ही शंका फेडूनच पुढे जायचे असते. अहवाल येईपर्यंत घरात कुणाला नीट झोप लागली नाही. तो सामान्य आला. डोळे, कान आणि थायरॉइडही व्यवस्थित निघाले.

सापडले ते असे. त्याचे सांधे नेहमीपेक्षा सैल होते. डॉक्टरांनी त्याचा अंगठा हलकेच वाकवला तर तो मनगटाच्या आतल्या बाजूला टेकला. हात सरळ केला की कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे झुकत असे. स्नायूंचा विश्रांतीतला ताण थोडा कमी होता. असा सांधा जागेवर धरून ठेवायला स्नायूंना सतत जास्त राबावे लागते, म्हणून मूल लवकर थकते, टेकते, लोळते आणि आपण त्याला आळशी म्हणतो. पावले बाहेर टाकून तो जी बैठक धरत होता, तिच्यात पाया रुंद होतो आणि धडाला मेहनत करावी लागत नाही, म्हणून तीच त्याला सोयीची वाटत होती. हालचालींच्या समन्वयाचाही प्रश्न होता, पण त्याला नाव देण्याची घाई डॉक्टरांनी केली नाही. शाळकरी वयात साधारण शंभरातल्या पाच-सहा मुलांना विकासात्मक समन्वय विकार असतो. मात्र पाच वर्षांच्या आधी हे निदान सहसा करत नाहीत, कारण या वयात मुलांमुलांत फरक फार असतो आणि काही मुले आपोआप बरोबरीला येतात. तोवर नावाविना उपचार सुरू ठेवता येतात. माझ्या मुलाला हे पटायला वेळ लागला, कारण चिठ्ठीवर रोगाचे नाव नसले की औषधही नाही असे त्याला वाटत होते. मला मात्र नावाची घाई न करणेच शहाणपणाचे वाटले.

यानंतर आम्ही ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचाराच्या, खोलीत गेलो. या विद्येचे आपल्या देशातले पहिले शिक्षण 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले, हे थेरपिस्ट मॅडमनी मोठ्या अभिमानाने सांगितले. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या या बाईंचे नाव मी त्याआधी ऐकले होते ते फलटणच्या त्यांच्याच नावाच्या शाळेमुळे. त्यांचे हे काम मला माहीत नव्हते.

त्या खोलीत मुलाची जी पाहणी झाली, ती माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोलाची गोष्ट होती, कारण "त्याला जमत नाही" या एका वाक्याचे तिथे नीट तुकडे झाले. मॅडमनी त्याला छोट्या टेबलाशी बसवले, कागद आणि जाड खडू दिला आणि स्वतः एक वर्तुळ काढून दाखवून तसेच काढायला सांगितले. मी बाजूला बसून पाहत होतो. त्याने खडू मुठीत धरला, कोपर टेबलावरून उचलले, मनगट आतल्या बाजूला मोडले आणि अख्खा हात खांद्यापासून फिरवला. डावा हात मांडीवर तसाच पडून होता, त्यामुळे कागद खडूबरोबर सरकत गेला. जीभ बाहेर आली, दुसरा खांदा कानाला लागला, पाय अधांतरी लोंबत होते. वर्तुळ पुरे होईतो तो टेबलावर छातीने टेकला होता. त्या एका वर्तुळासाठी त्या मुलाने किती कष्ट घेतले ते मला दिसले. वर्कशॉपमध्ये पहिल्या आठवड्यातली मुले कानशीशी असेच झुंजतात, हे मी मॅडमना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आजोबा, मग तुम्हाला पुढचं समजावून सांगायची गरजच नाही."

तरी त्यांनी सांगितले, आणि ते सर्वांना कळावे म्हणून मी इथे मांडतो. मुलाच्या हालचालींवरचा ताबा वरून खाली आणि मध्यापासून कडेकडे येतो. मान, मग पाठ, मग कंबर. त्याचप्रमाणे धड, मग खांदा, कोपर, मनगट आणि सर्वांत शेवटी बोटे. बोटांना बारीक काम करायचे तर त्यांच्या मागचा प्रत्येक सांधा गरजेप्रमाणे स्थिर राहावा लागतो. धड डगमगत असेल तर खांदा धडाला सावरण्यात गुंततो, खांदा गुंतला की मनगट ताठते, आणि ताठलेल्या मनगटापुढची बोटे एकेकटी हलत नाहीत, मूठच हलते. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेचीच, म्हणजे मऊ व लवचिक, असतात आणि वर्षानुवर्षे एकेक करून हाडात बदलत जातात. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाच्या एक्स-रेमध्ये त्यातली काही दिसतच नाहीत, तिथे नुसती पोकळी दिसते, आणि शेवटचे हाड दिसायला आठ ते बारा वर्षांचे वय उजाडते. खडू धरण्याची पद्धतही अशीच टप्प्याटप्प्याने बदलते: आधी मूठ, मग सगळी बोटे खाली वळवून धरणे, साडेतीन-चारच्या सुमारास तीन बोटांची पकड, पण हात एकसंध हलणारा, आणि त्याच पकडीत बोटे आतल्या आत हलू लागणे हे साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान. आकृत्यांचेही तसेच आहे. तिसऱ्या वर्षी वर्तुळ, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, साडेचारच्या आसपास चौकोन, पाचव्या वर्षी त्रिकोण. मराठीतले 'अ' किंवा 'क्ष' हे अक्षर त्रिकोणाच्याही पुढचे आहे, हे ज्याने त्याने स्वतः काढून पाहावे.

उपचाराचा पहिला नियम असा निघाला की काही महिने घरात कुणीही त्याच्या हातात पेन्सिल द्यायची नाही. सूनबाईंना हे जड गेले. जूनपासून त्याला एका खासगी शाळेच्या छोट्या गटात घालायचे ठरले होते आणि त्या शाळेने प्रवेशाबरोबरच चार रेघी वही, गिरवण्याची पुस्तके आणि 1 ते 50 अंक लिहून आणण्याचा अभ्यास दिला होता. त्या वयाच्या मुलाला रोज पानभर लिहायला लावणे शरीरशास्त्राच्या विरुद्ध आहे, असे माझे ठाम मत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभूत टप्पा मानते आणि त्यात खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर देते. मी थेरपिस्टचे पत्र घेऊन शाळेत गेलो. बाईंनी समजून घेतले, वरिष्ठांनी मात्र बाकी पालक काय म्हणतील याची चिंता व्यक्त केली. शेवटी मुलाला आणखी एक वर्ष अंगणवाडीतच ठेवायचा निर्णय आम्ही घेतला आणि सेविकाताईंनी त्याला आनंदाने होकार दिला.

रुग्णालयातली सत्रे आठवड्याला एक, त्यामुळे खरे काम घरी होते. मॅडम सत्राच्या शेवटी एक-दोनच गोष्टी देत आणि त्या आमच्याकडून तिथेच करवून घेत. सुरुवात धडापासून झाली. मी त्याच्या मांड्या धरायच्या आणि त्याने हातांवर चालत सोप्यातून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जायचे. जाताना वाटेत मांडलेला राजमा एका हाताने उचलून डब्यात टाकायचा, म्हणजे तेवढा वेळ सगळा भार दुसऱ्या खांद्यावर येतो. आधी घोटे धरले तर त्याची कंबर लोंबायची, म्हणून मांड्यांपासून सुरुवात केली आणि ताकद येईल तसतशी पकड गुडघ्यांकडे, मग घोट्यांकडे नेली. पालथे झोपून कोपरांवर उठून चित्रे पाहणे, भिंतीला दोन्ही हात लावून भिंत ढकलणे, पाण्याची अर्धी भरलेली बादली दोन्ही हातांनी नळापासून तुळशीपर्यंत नेणे, अशी कामे रोजच्या दिनक्रमात बसवली. मांडी घालून बसणे जमेना तेव्हा छोट्या पाटावर बसवले, त्यामुळे कंबर जरा उंच राहून पाठ आपोआप सरळ होऊ लागली. "पाय नीट कर" असे दिवसभर बोलायचे नाही, फक्त बसायची दुसरी सोय द्यायची, असे मॅडमनी बजावले होते आणि ते फार उपयोगी पडले.

टेबल मी स्वतः बनवले. त्याच्या गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंतचे अंतर 25 सेंटिमीटर भरले, तेवढ्या उंचीचे स्टूल केले. बसल्यावर हात सैल सोडला असता कोपर जिथे येते, त्याहून दोन बोटे वर टेबलाची फळी आणली. पावले पूर्ण टेकली की मुलाचे अंग किती शांत होते, हे त्याच संध्याकाळी दिसले. मोठ्यांच्या खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून जेवणाऱ्या मुलाला सांडू नकोस असे म्हणण्याआधी त्याच्या पावलांखाली एखादा डबा ठेवून पाहावा, एवढे मी कुठल्याही पालकाला सांगेन. दाराजवळच्या भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला काळी रंगवलेली फळी ठोकली. उभ्या फळीवर खडूने काढताना मनगट आपोआप मागे झुकते, आणि तीच मनगटाची लिहिण्यासाठी योग्य ठेवण असते. खडूचे तुकडे मुद्दाम अंगठ्याच्या पेराएवढे ठेवले; इतका छोटा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो तीन बोटांतच येतो.

बोटांची कामे स्वयंपाकघराने पुरवली. कणकेचा गोळा दाबणे, तिच्या लांब वळ्या करणे, शेंगा फोडणे, मटार सोलणे, ओले फडके दोन्ही हातांनी उलट दिशांना पिळणे, दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे काढून डब्याच्या कडेला लावणे. यातल्या पिळण्याचे महत्त्व मला नंतर कळले. एक हात धरतो आणि दुसरा काम करतो, ही वाटणी त्याच्यात होत नव्हती. कागद सरकत होता तो याचमुळे. शेंग फोडताना डाव्या हाताला काम करावेच लागते. आजी त्याला सोलायला बसवायची आणि त्याने सोललेल्या मटारांचीच भाजी करायची. "आबा, आजची भाजी माझी आहे," असे तो जेवताना सांगत असे.

बटणाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण शिकवण्याची ती रीत मी नोकरीत कधी वापरली नव्हती. आम्ही निदेशक पहिल्या कृतीपासून शेवटच्या कृतीकडे जातो. मॅडमनी उलट केले. माझ्या जुन्या कोटाचे मोठे बटण आणि रुंद काज असलेला जाड कापडाचा तुकडा घेतला, तो टेबलावर पसरला, बटण काजातून जवळजवळ पूर्ण बाहेर काढले आणि त्याला फक्त शेवटचा ओढ द्यायला सांगितला. बटण निघाले, काम पुरे झाले आणि ते त्याने पुरे केले. हा शेवटचा ओढ बिनचूक येऊ लागल्यावर बटण अर्धेच बाहेर काढून द्यायचे. मग नुसती कड दाखवायची. मग काजात शिरवण्यापुरते धरून द्यायचे. आणि सर्वांत शेवटी कड काजाशी आणण्याचे पहिले काम त्याच्यावर सोपवायचे. प्रत्येक वेळी शेवट त्याच्या हातून होतो, त्यामुळे अर्धवट टाकून रडत उठण्याची वेळ येत नाही. टेबलावरचे जमल्यावर तोच तुकडा त्याच्या पोटाशी बांधला, कारण अंगावरचे बटण वेगळ्या कोनातून दिसते. मग लहान बटण, मग खरा सदरा. शाळेतल्या आणि घरातल्या कितीतरी गोष्टी अशा शेवटाकडून शिकवता येतील, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

सगळे एका चालीने वाढत गेले नाही. पावसाळ्यात त्याला ताप आला, त्यानंतर खोकला रेंगाळला, सत्रे चुकली, आणि पुन्हा गेलो तेव्हा हातांवर चालणे उंबऱ्याच्या अलीकडेच थांबू लागले होते. सैल सांध्यांच्या मुलात ताकद लवकर उतरते, ती परतही येते, असे मॅडमनी सांगितले आणि पकड पुन्हा मांड्यांवर आणली. एका नातेवाइकांनी सुचवल्यावरून सूनबाईंनी महागडे तेल आणून मालीश सुरू केले. मालिशीने मुलाला बरे वाटते, लळा लागतो, तेवढ्यासाठी ते चालू ठेवायला मॅडमची हरकत नव्हती. पण मालिशीने लंगडी येत नाही, लंगडी ही लंगडी खेळूनच येते, हेही त्यांनी स्पष्ट केले. जे काम यायला हवे तेच काम सोपे करून पुन्हापुन्हा करायचे, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता.

मोठ्या हालचालींसाठी जागा शोधणे हे मात्र आम्हाला सर्वांत अवघड गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे अंग हलवायला हवे, त्यातली 60 मिनिटे दम लागेल अशी, आणि पडद्यासमोरचा वेळ एका तासाच्या आत. आमच्या आळीत दुचाक्या लागलेल्या असतात आणि उरलेल्या फटीतून चारचाक्या जातात. नगरपालिकेच्या बागेत मोठ्या माणसांच्या व्यायामाची लोखंडी यंत्रे उत्साहाने बसवली आहेत, पण चार वर्षांच्या मुलाला चढायला, लोंबकळायला, रांगत आत शिरायला तिथे काही नाही. घसरगुंडी आहे तिची शिडी तुटलेली आहे. आपल्या गावांनी मुलांची अंगणे काढून घेतली आणि त्या बदल्यात त्यांना काही दिले नाही, याचे मला फार वाईट वाटते. आम्ही रोज संध्याकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानात जाऊ लागलो. तिथे बांधकामासाठी टाकलेला वाळूचा ढीग होता. त्या ढिगावर चढणे हा माझ्या नातवाच्या पायांना मिळालेला उत्तम व्यायाम ठरला, कारण वाळूत पाय रुततो, घोट्याला तोल सावरावा लागतो आणि पडले तरी लागत नाही. पुढे आळीतली आणखी मुले येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर बेडूकउड्या, शिवाशिवी, फुगडी सुरू झाली. फुगडीत समोरच्याच्या भाराला आपला भार तोलावा लागतो. मॅडमनी ती मुद्दाम रोजच्या यादीत घातली.

लंगडी शेवटी आली. आधी माझे दोन्ही हात धरून एका पायावर नुसते उभे राहणे, मग एक हात, मग भिंतीला एक बोट. उभे राहणे साधले तरी उडी येईना, तेव्हा त्याला शाळेच्या ओट्याच्या खालच्या पायरीवरून एका पायाने खाली उतरायला लावले, म्हणजे उडीचा अर्धा भाग पायरीच करत असे. एका संध्याकाळी मुले लंगडीचा डाव खेळत असताना कुणी सांगितले नाही तरी तो रिंगणात शिरला, डावा पाय मागे दुमडला आणि उजव्या पायावर एक, मग दुसरी उडी मारून समोरच्या मुलीला बाद करायला हात लांब केला. ती अर्थातच निसटली. बाकी मुलांच्या हे लक्षातही आले नाही. त्यांनी त्याला "चल, तू बाद" म्हणून बाहेर काढले आणि डाव पुढे चालू ठेवला. मी घरी फोन करून सूनबाईंना सांगितले तेव्हा मला नीट बोलता येत नव्हते.

आता तो पाच वर्षांचा झाला आहे आणि नुकतीच त्याची पुन्हा तपासणी झाली. पायऱ्या तो एकेका पायरीवर एकेक पाय टाकत चढतो. उतरताना कठडा लागतो. मांडी घालून गोष्ट संपेपर्यंत बसतो. सदऱ्याची बटणे स्वतः लावतो, गळ्याजवळचे सोडून. वर्तुळ, अधिकचे चिन्ह आणि चौकोन काढतो, डाव्या हाताने कागद धरतो. त्रिकोणाची तिसरी बाजू अजून भरकटते. कात्रीने सरळ रेघेवर कापतो, वळणावर नाही. लहान चेंडू झेलणे जवळपास येतच नाही, आणि दमतो तो बरोबरीच्या मुलांच्या आधीच. म्हणजे काही टप्प्यांवर तो बरोबरीला आला आहे आणि काही टप्प्यांवर मागे आहे. वय पाच झाल्यामुळे समन्वय विकाराची रीतसर चाचणी आता करता येईल. ती पुढच्या महिन्यात ठेवली आहे आणि तिचा निष्कर्ष काहीही निघाला तरी सत्रे महिन्याला एकवर आणण्याचा मॅडमचा विचार आहे, कारण पुढचे काम मैदानावर आणि वर्गात व्हायचे आहे.

पहिलीचा प्रवेश सहा पूर्ण झाल्यावर घ्यायचा, हे घरात सर्वांनी मान्य केले आहे. शाळेसाठी मॅडमनी एक पानाचे पत्र तयार करून ठेवले आहे. बाकाखाली पावले टेकतील अशी पाटी ठेवावी, फळ्यावर उभ्याने लिहिण्याची संधी द्यावी, लेखन कमी द्यावे पण तोंडी प्रश्न भरपूर विचारावेत, आणि खेळाच्या तासाला त्याला गुण मोजायला न बसवता खेळायला घ्यावे, असे चार मुद्दे त्यात आहेत. बाकाखालची पाटी मी आत्ताच बनवायला घेतली आहे; उंची मात्र प्रवेशाच्या आठवड्यात त्याचा पाय मोजूनच कायम करीन.